पाखरांनी खाल्लेली ज्वारी

ट्रक ओढ्याच्या अलीकडे थांबला तेव्हा आम्ही नऊ बाया गाडीवाटेवर फतकल मारून बसलो होतो. एका बाजूला ओढ्याची दरड, दुसऱ्या बाजूला बाभळीचं कुंपण. एक बैलगाडी जाईल एवढीच वाट होती, आणि आम्ही बसल्यावर तीही जाणार नव्हती.

आधी जमादार उतरला, मग चार शिपाई. ड्रायव्हरशेजारून नायब तहसीलदार उतरले. वयानं कोवळे होते, पँटीची इस्त्री मोडली नव्हती. मागं विळे घेतलेले मजूर बसले होते, ते परगावचे. ते उतरले नाहीत, नुसते वाकून बघायला लागले.

"सरकारी गायरानावर बेकायदा पेरलेलं पीक जप्त करायचं आहे," नायब म्हणाले. "वाट सोडा."

"सोडत न्हाई," केसरबाई म्हणाली. "धरून न्या आम्हाला."

टेकाडापलीकडं गायरानात आमची ज्वारी उभी होती. करडवाडीच्या बौद्धवाड्यात कुणाच्या नावावर हातभर जमीन नव्हती. दोन उन्हाळे आम्ही त्या माळावरचे दगड वेचले होते. कडेला रचून त्यांचाच बांध घातला होता. त्या वर्षी पहिल्यांदा तिथं पीक धरलं, आणि चांगलं धरलं. ताटं माणसाच्या डोक्यावर गेली होती. ती ज्वारी घरात आली तर वर्षाची भाकर होती. ट्रकमध्ये गेली तर पुन्हा पाटलाच्या दारात पायलीभर दाण्यासाठी उभं राहायचं होतं.

आणि वाड्यात एकही धडधाकट बापई नव्हता. सगळे पहाटेच तालुक्याला मोर्चाला गेले होते. आमच्या कमिटीचे अध्यक्ष लिंबाजीराव. त्यांनी आदल्या दिवशी बैठकीत सांगितलं होतं की बायांनी मोर्चात यायचं कारण नाही, कचेरीपुढं काय बोलावं ते त्यांना कळत नाही, त्यांनी मागं राहून पोराबाळांचं बघावं. आम्ही ते भिंतीबाहेर उभं राहून ऐकलं होतं. बैठकीत बायांना बसायची रीत नव्हती.

सरकारनं बरोबर तोच दिवस धरला. पारूबाई लाकडाची मोळी विकायला बाजारच्या गावाला गेली होती. तिथं तिला ट्रक दिसला, मजूर विळे घेऊन चढताना दिसले. मोळी तिथंच टाकून ती आडवाटेनं पळत आली. धाप लागल्यामुळं तिला बोलता येईना, नुसती टेकाडाकडं हात करायची.

माझ्या सासूबाई धुरपताबाई तेव्हा अंगणात डाळ पाखडत होत्या. आम्ही सगळ्या त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि दोन घटकांत वाड्यातल्या बायांची वाटणी केली. नऊ जणी वाटेवर, बाकीच्या सगळ्या विळे घेऊन त्यांच्यासंगं. वाटेवरच्यांत मला घातलं, कारण माझा हात विळ्यावर अजून बसला नव्हता. लग्नाला वर्ष व्हायचं होतं.

"मी येईस्तोवर वाट सोडायची न्हाई," एवढं बोलून त्या निघाल्या.

"अन् सोडावी लागली तर?" मी विचारलं.

"तर उपाशी मरायचं. त्यात इचारायचं काय?"

म्हणून आम्ही बसलो होतो. आम्हाला वाटलं होतं ओढतील, मारतील. पण तसं काही होईना. बायांना हात लावायचा नाही, असं नायबांना वरून बजावलेलं होतं, कारण तालुक्याला मोर्चासाठी वर्तमानपत्रवाले आलेले होते. कोर्टात दावाही चालू होता. त्यामुळं अटक करायची तर एकेकीचं पूर्ण नाव लिहून, रीतसर करायची होती. जमादारानं ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवला, कानावरची पेन्सिल काढली आणि पारूबाईला पुढं बोलावलं.

"नाव?"

"पारू."

"नवऱ्याचं?"

पारूबाईनं पदर तोंडात धरला.

तिचं ते ढोंग नव्हतं, हे मला पहिल्यांदा सांगितलं पाहिजे. तिनं आयुष्यात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. आमच्यात कुणीच उच्चारत नव्हतं. लिंबाजीराव बैठकीत सांगायचे की असल्या जुन्या रूढी सोडा, नवऱ्याचं नाव सरळ घ्या. बापई माना हलवायचे. घरी येऊन बायको नाव घेते का, हे कुणी बघितलं नाही.

"अगं, नवऱ्याचं नाव सांग," जमादार म्हणाला.

"वारावर हाय," पारूबाई पदरातून म्हणाली.

"कसल्या वारावर?"

"आठवड्याच्या."

जमादारानं नायबांकडं पाहिलं. मग बोटं मोजत विचारू लागला. "सोमा?" पारूबाईनं मान हलवली. "मंगळ्या?" तिनं पुन्हा मान हलवली. मागून एक मजूर ओरडला, "शुक्राचार्य असंल." पारूबाईला त्याचा राग आला, तिनं तोंडच फिरवलं. तिची समजूत काढण्यात आणखी वेळ गेला. शेवटी जमादार बुधवारावर आला तेव्हा ती इतकी लाजली की त्याला कळलं.

"बुधाजी," त्यानं लिहिलं. "आता आडनाव सांग. ते तरी सांगता येतं ना?"

"ते त्यांचंच हाय की वो, कसं सांगू?"

नायबांनी घड्याळ बघितलं. केसरबाईनंही ते बघितलं. ती आमच्यात सगळ्यात चलाख. तिनं माझ्या कमरेला चिमटा काढला आणि हळूच म्हणाली, "कौतिके, दिस असाच जाऊ दे."

पुढची पाळी तिचीच होती. ती उठली, पदर सारखा केला आणि जमादाराला सांगितलं की नाव घेते, पण नाव घ्यायची रीत असते, तशी घेते, मध्ये बोलायचं नाही. मग ट्रककडं तोंड करून म्हणाली:

"काळ्या मातीत पेरलं, कणीस आलं भारी,
मारोतीरावांचं नाव घेते पोलिसांच्या दारी."

मजुरांनी टाळ्या पिटल्या. एक शिपाईही हसला. जमादारानं मारोती लिहिलं आणि पुढचीला हाक मारली. पुढची चंद्रभागाबाई, ती तर आमच्या वाड्यातली लग्नाची गाणारीण. तिनं आधी घसा खाकरला, पाणी मागितलं, मग सांगितलं की छोटा उखाणा येत नाही, लांब येतो. तो खरंच लांब होता. त्यात तिचं माहेर आलं, वाटेतली सगळी गावं आली, सासूच्या लुगड्याचा रंग आला, आणि नवरा येण्याआधी ती अडखळली म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. नायब चिडले. त्यांनी जमादाराला दटावलं की हा काय हळदीकुंकवाचा कार्यक्रम आहे का. जमादार म्हणाला, "सायब, घरात माझी बायको बी माझं नाव घेत न्हाई. हिला कसं घ्यायला लावू?"

एक-एक करत दुपार झाली. ऊन टाळूवर आलं. मजूर ट्रकमधून उतरून बाभळीच्या सावलीत आमच्या जवळच येऊन बसले. एखादी अडली तर तेच तिला यमक सुचवायचे. द्वारकाबाईनं

"चुलीवर तवा, तव्यावर भाकर,
दगडूरावांचं नाव घेते, सायब जनतेचा चाकर"

असं म्हटलं तेव्हा नायबांचे कान लाल झाले, आणि जमादाराला तेवढ्यात पेन्सिलीला टोक करायचं आठवलं.

मला मात्र हसू येत नव्हतं. मी पाळ्या मोजत होते. आठवी झाली, आता नववी मीच. टेकाडावरून आत्याबाई अजून आल्या नव्हत्या. माझं नाव लिहून झालं की आम्हाला ट्रकमध्ये चढवणार, आणि ट्रक सरळ ज्वारीत जाणार. आणि मला एकही उखाणा आठवत नव्हता. लग्नात मी घेतला होता तो नणंदेनं कानात सांगितलेला. तोही घाबरून विसरले होते.

"चल, शेवटची," जमादार म्हणाला.

मी उभी राहिले. मी माझं नाव सांगितलं. नवऱ्याचं विचारल्यावर मान खाली घातली.

"उखाणा घे की," मजूर म्हणाले.

"येत न्हाई."

"मग सरळ सांग," नायब म्हणाले. त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता, मी पोरसवदा दिसत होते म्हणून असेल. "त्यात लाजण्यासारखं काय आहे? एक नाव तर घ्यायचं."

मी कशी बोलले ते मला आजही कळत नाही. मी म्हणाले, "मग तुमी आधी घ्या. तुमच्या बाईसायबांचं."

केसरबाईनं डोळे मिटून घेतले. मग बाभळीखालून एक मजूर म्हणाला, "बराबर हाय पोरीचं." दुसरा म्हणाला, "सायब, घ्या." शिपाई तोंड लपवून हसायला लागले. नायबांनी जमादाराकडं मदतीसाठी बघितलं, तर जमादार म्हणाला, "घेऊन टाका, सायब. त्याशिवाय ही बया बोलत न्हाई, अन् तिच्यामुळं सगळं आडलंय."

नायबांचं लग्न नुकतंच झालेलं असावं. नुसत्या बायकोच्या आठवणीनं ते असे गोंधळले की आम्हालाच त्यांची दया आली. ते ट्रकच्या दोन्ही बाजूंना फिरून आले. ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होते. चंद्रभागाबाईनं त्यांना सांगितलं की घाई करू नका, मनासारखं जुळू द्या. त्यांनीही घाई केली नाही. शेवटी बॉनेटवर हात ठेवून, दूर कुठंतरी बघत ते म्हणाले:

"टेबलावर फाईल, फाईलवर सही,
नलिनीचं नाव घेतो, आज मला घाई नाही."

असा दंगा झाला की ओढ्यातले बगळे उडाले. मजुरांनी पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी जरा हसलेही. आता माझी सुटका नव्हती. पण त्यांनी घेतल्यावर मला एकदम सुचलं, जसं कुणी तोंडात घातलं:

"सायबांनी घेतलं नाव, मग मी कशाला लाजू,
राघोजीरावांसंगं धरली गायरानाची बाजू."

जमादारानं राघोजी लिहिलं. कागदाची घडी घातली. म्हणाला, "झालं. चढा आता."

तेवढ्यात टेकाडावरून आत्याबाई येताना दिसल्या. एकट्याच. रमतगमत, हातात बाभळीची काडी घेऊन दात कोरत. जवळ आल्या, आमच्याकडं बघितलं आणि रागावून म्हणाल्या, "काय गं बायांनो, सायबाला उन्हात किती उभं करायचं? उठा. वाट द्या."

आम्ही उठलो. नायब बघतच राहिले. त्यांना वाटलं असावं की बाया उखाण्यावर खूश झाल्या. त्यांनी आत्याबाईंचे आभारसुद्धा मानले.

ट्रक पुढं, आम्ही मागं. टेकाडावर आलो. ज्वारी होती तशीच उभी होती. सकाळी बघितली तशी, या बांधापासून त्या बांधापर्यंत. एक ताट कापलेलं नव्हतं. मला वाटलं, आत्याबाईंनी सकाळपासून केलं काय? मी त्यांच्याकडं बघितलं. त्या दात कोरत होत्या.

मजूर विळे घेऊन शेतात शिरले. ताटं डोक्यावरून जाणारी, त्यामुळं ते दिसेनासे झाले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "सायब."

"काय?"

"ह्याला कणसं न्हाईत."

नायब धावत गेले. एक ताट वाकवलं. शेंडा नुसता बोडका. दुसरं वाकवलं, तेही तसंच. ताट न तोडता, नुसतं वाकवून, विळ्यानं कणीस तेवढं खुडून पुन्हा उभं सोडलेलं. सगळं रान असं. पंचवीस बाया सकाळपासून त्या ताटांत होत्या आणि बाहेरून वाऱ्याखेरीज काही हललेलं दिसलं नव्हतं. मजुरांना मजुरी दाण्यात मिळायची होती. ते बांधावर येऊन बसले आणि म्हणाले की नुसता कडबा कापायला आम्ही आलो नाही.

मग झडती झाली. शिपायांनी वाड्यातलं घर न् घर बघितलं. उतरंडी उतरवल्या, गोवऱ्यांचे ढीग काठीनं उसकले, खाटा उलट्या केल्या. शेवटचं घर लिंबाजीरावांचं. दाराला पडदा लावलेला, आतून धुरीचा वास. जमादार आत जाणार तोच लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला.

"बाळंतीण हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आजून दहा दिस झाले न्हाईत. लिंबाजीरावांची बायको, शेवंता."

जमादार तिथूनच मागं फिरला. बाळंतिणीची ख्यालीखुशाली मात्र विचारली.

नायब बॉनेटला टेकून उभे होते. आता रिपोर्टात काय लिहायचं, हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. आम्हाला अटक केली असती तर लिहावं लागलं असतं की सकाळपासून दुपारपर्यंत वाटेवर काय चाललं होतं. ते जमादाराच्या लक्षात त्यांच्याआधी आलं. तो हळूच म्हणाला, "सायब, यंदा पाखरं लई पडलीत."

नायबांनी बराच वेळ आभाळाकडं बघितलं. तिथं एक घार होती. मग म्हणाले, "लिहा. पंचांसमक्ष पाहणी केली असता पीक पाखरांनी खाल्ल्याचं दिसून आलं."

आमच्या नावांचा कागद त्यांनी मागून घेतला, चुरगळून खिशात घातला. ट्रक गेला. जाताना मजुरांनी आम्हाला हात केला.

दिवस मावळायच्या सुमाराला बापई परत आले. लांबूनच घोषणा ऐकू येत होत्या. टेकाडावर आल्यावर त्यांना ज्वारी दिसली, आणि मग त्यांनी पळतच बांध गाठला. लिंबाजीराव दगडांच्या बांधावर चढले. आवाज बसला होता तरी भाषण केलं. गावच्या मंडळानं पुढं त्या लढ्याची एक पुस्तिका काढली, तिच्यात ते भाषण आहे. मी अक्षरं उतारवयात शिकले, नातीच्या पाटीवर, आणि ते पान मी स्वतः वाचलं आहे. "बंधूंनो, बघा. आपल्या मोर्चाच्या धाकानं सरकारची हिंमत झाली नाही. पीक जागेवर उभं आहे. हा विजय तुमच्या एकजुटीचा आहे." पुस्तिकेत एवढंच छापलं आहे.

आम्ही बाया बांधाच्या खालच्या अंगाला उभ्या होतो. द्वारकाबाईच्या तोंडात पदराचा बोळा होता. टाळ्या थांबल्यावर आत्याबाई पुढं झाल्या.

"अध्यक्ष, भाषण ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "आता एक ताट वाकवून बघा."

लिंबाजीरावांनी हसत हसत हात लांबवून ताट वाकवलं. मग दुसरं. मग ते खाली उतरून आत शिरले, आणि त्यांच्यामागं सगळे बापई. ताटं सळसळत राहिली. बाहेर आले तेव्हा कुणाच्याच तोंडाला रंग नव्हता. माझ्या नवऱ्यानं तर खाली बसून डोकं धरलं.

"कुणी नेली?" लिंबाजीराव म्हणाले. "आत्याबाई, कुणी नेली ज्वारी?"

"सरकारी कागदावर पाखरांनी."

"चेष्टा नका करू. वर्षाची भाकर गेली आपली."

"गेली न्हाई," केसरबाई म्हणाली. "कुठं हाय ते आम्हाला ठावं हाय."

सगळे तिच्याकडं वळले. कुठं आहे, कशी आहे, किती आहे, एकदमच विचारायला लागले. आत्याबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग तिथंच बांधाजवळ साफ जागा बघून खाली बसल्या, आणि आम्हाला हात केला. आम्ही त्यांच्या बाजूला बसलो. मी केसरबाईच्या शेजारी.

"बसा," आत्याबाई बापयांना म्हणाल्या. "असं उभ्या उभ्या सांगायची गोष्ट न्हाई. बैठकीत सांगू."

"बैठक उद्या घेऊ की," लिंबाजीराव म्हणाले.

"उद्याच्याला उद्या. आज बी घ्या. ही बघा, आम्ही बसलो."

बापयांनी एकमेकांकडं पाहिलं. पहिल्यांदा माझा नवरा बसला. तो तसाही बसलेलाच होता, नुसता सरकून जवळ आला. मग बुधाजी, मग मारोती, दगडू, सगळेच. शेवटी लिंबाजीराव पागोट्याची गाठ सोडून, परत बांधून आमच्यासमोर बसले.

"सांगा आता."

आत्याबाईंनी आधी सगळं सांगितलं. पारूबाईच्या मोळीपासून. मध्ये मध्ये आम्ही भर घालत होतो. नायबांचा उखाणा आला तेव्हा बापई इतके हसले की बुधाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याचं नाव जमादारानं कसं काढलं ते कळल्यावर बाकीचे पुन्हा त्याच्यावर हसले. लिंबाजीराव हसता हसता थांबले.

"पण झडतीत सापडली कशी न्हाई?" त्यांनी विचारलं. "ठेवली तरी कुठं?"

"तुमच्याच घरात हाय," आत्याबाई म्हणाल्या. "शेवंताच्या खोलीत, आढ्याला टेकलीय. आम्हाला ठाऊक होतं, तिथं ना जमादार शिरंल ना तुमी."

बांधापलीकडून वाड्यातला पोराचा आवाज येत होता. आत्याबाईंनी जरा कान देऊन ऐकलं.

"आता बैठक उरकली असंल तर जावा तिकडं," त्या म्हणाल्या. "कणसं बाहेर काढायला हात लावा. कुसळांनी तुमचा ल्योक सकाळपासनं शिंकतोय."